कुत्र्या कोणाच्या

सकाळी सातला मैना फार्मवर पोचायची तेव्हा पुढच्या रांगेतले कुत्रे भुंकायचे. मागच्या रांगेतल्या कुत्र्या भुंकत नसत. भुंकून काही होत नाही, हे त्यांना कधीच कळून चुकलं होतं.

पुढची रांग गिऱ्हाइकांसाठी होती. तिथे फरशी, पंखा, दारावर इंग्रजी नावांच्या पाट्या. मुंबईहून गाडी घेऊन येणाऱ्या बाया तिथे उभ्या राहून ‘कित्ती गोड’ म्हणायच्या. मागची रांग गोदामाच्या आडोशाला, पत्र्याखाली. तिथे जाळीचे पिंजरे होते, एकावर एक रचलेले. तळालाही जाळीच, म्हणजे घाण आपोआप खाली पडते आणि धुवायला सोपं जातं, असं मालकाचं शास्त्र. वरच्या पिंजऱ्यातली घाण खालच्या कुत्रीच्या पाठीवर पडते, एवढं मात्र त्या शास्त्रात नव्हतं.

मालक सत्यजीत. मुंबईची नोकरी सोडून त्याने कोन गावाच्या हद्दीत, पनवेलपासून अर्ध्या तासावर, हा फार्म काढला होता. तेव्हा फ्लॅटवाल्यांना पांढऱ्या केसाळ पामेरियन कुत्र्यांचं वेड लागलं होतं आणि पिल्लं जन्मायच्या आधीच बुक व्हायची. फार्मवर कामाला गावातलं एक जोडपं होतं. बुधाजी पाणी भरायचा, राखण करायचा. त्याची बायको मैना पिंजरे धुवायची, वजडी आणि कणी एकत्र शिजवून टोपभर खाणं करायची आणि कुत्र्यांची बाळंतपणं काढायची. गावातल्या निम्म्या पोरांच्या नाळा मैनेनेच कापल्या होत्या. त्यामुळे ते काम तिला सांगावं लागलं नाही.

सात नंबरच्या पिंजऱ्यातल्या कुत्रीला मैनेने रंभा नाव ठेवलं होतं. मालकाच्या वहीत ती नुसती सात नंबर. दीड वर्षात तिची तीन वेतं झाली होती. पोटाची कातडी लोंबत होती, पाठीवरचे केस गेले होते. जाळीवर उभं राहून राहून पंजे फाकले होते आणि नखं वाढून, वळून परत मांसात घुसली होती. मैना बुधाजीचा अडकित्ता आणून ती नखं कापायची. कापताना रंभा ओरडायची नाही, मैनेचं मनगट चाटायची. मैनेला ते सहन व्हायचं नाही.

वैशाख लागला. फार्मची विहीर तळाला गेली, पत्रा सकाळी दहालाच तापायला लागला. त्यातच रंभा पुन्हा माजावर आली आणि मालकाने नर आणायला सांगितला.

“सायेब, सात नंबरला या खेपेला राहू द्या,” मैना म्हणाली. “तिच्या अंगात काय उरलं नाय. बाळंतिनीला सव्वा म्हयना तरी...”

सत्यजीत हसला. “मैनाबाई, सव्वा महिना बायकांना. ही कुत्री आहे.”

“कुत्री झाली तरी तिला आतडी हायत ना?”

“तुला पगार मी देतो की ती देते?”

मैना बादली उचलून मागे गेली आणि पिंजऱ्यावर पाणी असं काही फेकलं की जाळी खणखणली. राग काढायला गरिबाला पाणीच तेवढं मिळतं, आणि त्या वैशाखात तेही पुरेसं नव्हतं.

नर आणायचा तो दिवस मात्र आलाच नाही. त्याआधी तपासणी आली.

दादरच्या एका गिऱ्हाइकाचं पिल्लू आठ दिवसांत मेलं होतं. त्याने मुंबईच्या कुठल्याशा प्राणीमित्र संस्थेकडे तक्रार केली. संस्थेचे लोक पोलीस घेऊन येणार, ही बातमी ते यायच्या आदल्या संध्याकाळीच सत्यजीतला कळली. अशा बातम्या अशा माणसांना कशा कळतात ते आपण विचारू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने बुधाजीला बोलावलं. “मागच्या रांगेतल्या पाच अगदीच वाईट दिसतात. तुझा गोठा रिकामा आहे ना? त्यांना तिथे ठेव, दुपारपर्यंत. ते लोक गेले की परत आण.”

“नव्या जागी भुंकतील ना, सायेब.”

सत्यजीतने टेम्पोतून पांढऱ्या नायलॉनच्या दोरीचे पाच तुकडे काढून त्याच्या हातावर ठेवले. “तोंडं बांध. घट्ट.”

बुधाजीची सगळी उमर खाडीत पागाचं जाळं फेकण्यात गेली होती. गुडघा गेला म्हणून तो पाणी भरायला लागला होता, पण त्याच्या हातची गाठ सुटत नसे. त्याने पाचही तोंडं बांधली. रंभाचं बांधताना ती त्याच्याकडे बघत होती. त्याने मान वळवून गाठ मारली.

मैना तेव्हा पुढची रांग धूत होती. पंखे लावले, फिनेल मारलं, पाट्या पुसल्या. मागच्या रांगेतल्या उरलेल्या कुत्र्या पुढच्या रांगेत आल्या, मागचे पिंजरे उचलून गोदामात गेले आणि त्यांच्या जागी गुलाबाच्या कुंड्या आल्या. अकराच्या सुमाराला जीप आली. जीपमधून एक पोलीस आणि तिशीची एक बाई उतरली. बाई संस्थेची, नाव आभा. खादीचा कुर्ता, हातात फाईल, कपाळावर घाम. सत्यजीतने तिला लिंबू सरबत दिलं. तिने घेतलं नाही, पोलिसाने घेतलं.

बुधाजी मैनेजवळ येऊन हळूच म्हणाला, “पाची जनींना आपल्या गोठ्यात ठेवलंय. तोंडं बांधलीत.”

“तोंडं बांधली?” मैनेच्या हातातला झाडू थांबला. “आवो, कुत्रं जिभेनं घाम टाकतं! या उन्हात तोंड बांधलं तर ते आतल्या आत शिजल!”

“सायबानी सांगतलं.”

“सायबानी सांगतलं म्हनून तुमी आपलं तोंड पन बांधून घेतलंत?”

ती तशीच निघाली. फार्मच्या कुंपणापासून तिचा गोठा दोनशे पावलांवर. ती धावत नव्हती, कारण धावताना दिसली असती. तिने कडी काढली. आत पत्र्याची धग अंगावर आली. दाराजवळचीच कुत्री आडवी पडली होती. डोळे उघडे, जीभ दातांत अडकून काळी पडलेली. मैनेने तिच्या छातीला हात लावला. मग हात काढून घेतला.

उरलेल्या चौघी भिंतीला टेकल्या होत्या आणि त्यांच्या बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. मैनेला ठाऊक होतं, तोंड सोडलं तर भुंकतील. भुंकल्या तर ती बाई येईल. बाई आली तर गोठा कोणाचा, हे विचारील. हे सगळं तिच्या डोक्यात आलं आणि तोवर तिची बोटं रंभाच्या गाठीवर गेलीही होती. नवऱ्याची गाठ तिच्या नखांना दाद देईना. तिने कोयता घेतला आणि चारही दोऱ्या कापल्या. पाचवीही कापली. मेलेलीचं तोंड तरी बांधलेलं का राहावं?

रंभा धापा टाकत बादलीतलं पाणी प्यायली, आणि मग दीड वर्षात पहिल्यांदा भुंकली. बाकीच्या तिघी तिच्यामागून भुंकल्या.

पाच मिनिटांत गोठ्याच्या दारात गर्दी झाली. आभा आत गेली आणि बाहेर येऊन कुंपणाला धरून उभी राहिली. पोलिसाने वही काढली.

“गोठा कोणाचा?”

“माजा,” बुधाजी म्हणाला.

“कुत्र्या कोणाच्या?”

बुधाजीने सत्यजीतकडे बघितलं. सत्यजीतने कपाळावर हात मारून घेतला. इतका चांगला मारला की नाटकात शोभला असता. “बुधाजी! अरे, माझ्या पाठीमागे तू हे धंदे करतोस? मॅडम, हा आमचा नोकर. माझ्याकडची आजारी जनावरं मी याला फुकट देऊन टाकायचो, म्हटलं, सांभाळील. मला काय माहीत हा असा...”

मैना पुढे झाली. “खोटं बोलताय, सायेब! सकाळी तुमीच...”

“बाई, तुम्हाला विचारलं नाही,” पोलीस म्हणाला. “तुम्ही बोला हो. कुत्र्या कोणाच्या?”

बुधाजी खाली बघत राहिला. ज्याचं मीठ खाल्लं त्याला चारचौघांत उघडं पाडायचं नाही, ही त्याच्या बापाची शिकवण. बापाला असला मालक भेटला नव्हता. पोलिसाने ‘काही सांगत नाही’ असं लिहिलं आणि बुधाजीचा अंगठा घेतला. कुत्र्या तारखेपर्यंत त्याच्याच ताब्यात राहतील, असं ठरलं. मेलेलीचा पंचनामा झाला आणि बुधाजीने तिला अंगणाच्या कडेच्या मोठ्या भेंडीच्या झाडाखाली पुरलं. वैशाखातली जमीन, पहार आपटून आपटून त्याचे हात सोलले.

आभा जाताना मैनेजवळ थांबली. “मावशी, कुत्र्या कोणाच्या ते मला दिसतंय. पण कागद नाही. त्या माणसाने दाखवलेल्या कागदांत यातल्या एकाही कुत्रीची नोंद नाही.”

“मंग तुमचा कायदा कशाला हाय?”

“कायदा साठ सालचा आहे. दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये. आणि कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांसाठी वेगळे नियमच नाहीत. पिंजरा केवढा हवा, वर्षातून किती वेतं घ्यायची, काही नाही. आम्ही दिल्लीला पत्रं लिहितोय.”

“लिवा,” मैना म्हणाली. “तवर आमी इथं पुरतो.”

आभाला ते लागलं. तिने फाईल मिटली.

पुढचे पंधरा दिवस त्या चौघी गोठ्यात राहिल्या. पहिल्या दिवशी मैनेने रंभाला अंगणात मातीवर ठेवलं तर तिला उभं राहता येईना. एक पाय टेकवायची, उचलायची, दुसरा टेकवायची, उचलायची. पायाखाली सलग जमीन तिने कधी बघितलीच नव्हती. शेजारची कमळाबाई कुंपणावरून बघत होती. ती म्हणाली, “अगो मैने, ही नाचते का काय?” आणि हसता हसता गप्प झाली. तिसऱ्या दिवशी रंभा चार पावलं चालली. मैना तिला भात आणि सुकट कालवून घालायची, पंजांना खोबरेल लावायची. आठव्या दिवशी रंभा न्हाणीच्या ओल्या मातीत खड्डा उकरून त्यात पोट टेकून झोपली. तिच्याकडे बघून मैनेने ठरवलं, ही आता त्या जाळीवर जाणार नाही. कसं, ते तिला माहीत नव्हतं.

तारखेच्या आदल्या दिवशी सत्यजीत घरी आला. बरोबर कमलाकर वकील, पनवेलचे. मैनेने सतरंजी टाकली नाही. ते दोघे ओट्यावर उभेच राहिले.

“हे बघ बुधाजी,” वकील म्हणाले, “उद्या उभं राहायचं. गुन्हा कबूल आहे, कुत्र्या माझ्या आहेत, चूक झाली, एवढं म्हणायचं. पहिलाच गुन्हा आहे, पन्नास रुपयांत विषय संपला. ते साहेब भरतील. भांडत बसलास तर वर्षभर खेटे.”

“आनि कुत्र्या?”

“त्या तुला परत मिळतील. परवा साहेब टेम्पो पाठवतील.”

“पन माज्या नायत ना त्या.”

“कोर्टात म्हणायला काय जातंय?” सत्यजीत म्हणाला. “दोघांची नोकरी आहे माझ्याकडे, हे लक्षात असू दे.”

मैना आतून म्हणाली, “तसं सांगू नका हो. खरं सांगा.”

वकील घड्याळ बघत उतरले.

दुसऱ्या दिवशी पनवेलच्या कोर्टात त्याची पाळी दुपारी आली. त्याआधी चार तास तो व्हरांड्यात उकिडवा बसून होता. दाराशी त्याने चपला काढल्या तर शिपाई ओरडला, “देऊळ आहे का हे? घाल त्या.” चपला घालून तो पिंजऱ्यात गेला. हो, आरोपीच्या जागेलाही पिंजराच म्हणतात, आणि त्यात मात्र पाय टेकायला लाकडाची फळी असते.

न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. पाच कुत्र्यांची तोंडं बांधून त्यांना बंद गोठ्यात डांबलं, एक मेली. “गुन्हा कबूल आहे?”

“हाय.”

“कुत्र्या तुमच्याच?”

आता इथे नुसतं हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण बुधाजी आयुष्यात कोर्टाची पायरी चढला नव्हता. त्याला माहीत होती ती गावकी. देवळापुढे पंच बसतात, सारा गाव बघतो आणि तिथे बोलायचं तर आधी आईचं नाव घ्यायचं, नाहीतर बोलणं मोजलंच जात नाही. तो सरळ उभा राहिला, कार्ल्याच्या डोंगराची दिशा अंदाजाने धरून त्याने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, “आई एकवीरेची आन. चारी कुत्र्या माज्या. मेली ती पन माजी.”

मागे बसलेले वकील हसले. कारकून म्हणाला, “अहो, आरोपीला शपथ नसते.”

“राहू द्या,” न्यायाधीश म्हणाले. पन्नास रुपये दंड झाला, जिवंत कुत्र्या आरोपीला परत. दोन मिनिटांत निकाल. कमलाकर वकिलांनी पैसे भरले, पावती आणि हुकमाची नक्कल बुधाजीच्या खिशात कोंबली आणि चहाला निघून गेले.

आभा बाहेर उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता. “पन्नास रुपये! तिकडे तो माणूस आज चार पिल्लं विकेल! तुम्ही का अंगावर घेतलंत हो?”

बुधाजीने तिच्याकडे बघितलं. हसणाऱ्या वकिलांचा आवाज अजून त्याच्या कानात होता. “बाय, आता ते अंगावर नाय रायलं,” तो म्हणाला. “आईची आन घेतली. आत गेलं.”

एसटीने तो घरी आला तेव्हा मैना रंभाचे पंजे पुसत होती.

“काय बोललात?”

“कुत्र्या माज्या म्हनून बोललो.”

“नुसतं बोललात?”

“आईची आन घेतली.”

मैनेने रंभाचा पंजा सोडला. “आवो, काय केलंत हे! चैतात जत्रेला जाऊन आलो. तिच्या पायाशी डोकं ठेवलं. नि तिच्याच नावानं खोटी आन? त्या मेल्यासाठी?” ती रडायला लागली आणि रडता रडता चिडली. “आनेसाठी कोनी जबरदस्ती केली? कोर्टानं मागतली?”

“नाय. माज्याच तोंडातनं आली.”

खोट्या आणेचं काय होतं ते दोघांना ठाऊक होतं. कमळाबाईच्या दिराने बांधाच्या भांडणात घेतली होती, त्याची होडी बंदरात उभ्या उभ्या फुटली. निदान गाव तसं सांगतो.

मग बुधाजीने खिशातून कागद काढला. “मैने, आन खोटी कवा होते?”

“कवा म्हंजे? बोलन्यापरमानं नसलं तर.”

“नि बोलन्यापरमानं केलं तर?”

मैनेने डोळे पुसले. रंभाकडे बघितलं. मग नवऱ्याकडे असं बघितलं, जसं लग्नाला तीस वर्षं झाल्यावर बाई क्वचितच बघते.

टेम्पो सकाळी नऊला आला. सत्यजीत स्वतः उतरला, मागे पिंजरे रचलेले, तेच. “चल बुधाजी, चढव. नर आणलाय, सात नंबरला आजच लावायचीय.”

बुधाजी गोठ्याच्या दारात बसला होता. उठला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो साहेबापुढे बसून होता.

“कुत्र्या माज्या हायत, सायेब.”

“काय?”

“काल कोर्टात बोललो. तुमी नि वकिलानीच शिकवलं. आईची आन घेऊन बोललो. आता त्या दिल्या तर आन खोटी होते.”

सत्यजीतला आधी हसू आलं. मग ते जाईना आणि चेहरा विचित्र दिसायला लागला. “डोकं फिरलंय का तुझं? वीस-वीस हजारांची जनावरं आहेत! पोलिसांत जाईन मी!”

“जा की,” मैना पुढे आली. गेले पंधरा दिवस, नव्हे, दीड वर्ष आत दाबलेलं सगळं बाहेर पडलं. “आत्ता जा! पोलिसाला सांगा, कुत्र्या माज्या हायत म्हनून. मंग तोंडं कोनी बांधायला लावली तेबी सांगा. त्या झाडाखाली मेलेली हाय, तीबी तुमचीच होईल. हुकमाचा कागद आमच्याकडं हाय. दादरच्या गिऱ्हाइकाला दाखवू? त्या बायला पाठवू? बोला! त्या दिवशी तर लई हात मारत होतात कपाळाला. मारा आता!”

कमळाबाई कुंपणाशी आली. तिच्यामागे आणखी चारजणी. टेम्पोचा ड्रायव्हर दुसरीकडे बघत बिडी ओढत होता. सत्यजीतने आवाज खाली आणला.

“मैनाबाई, तुम्ही समजूतदार आहात. उद्यापासून खाल काय? दोघांची नोकरी गेली.”

मैना म्हणाली, “ते माला नाय ठावं. पन ही जाळीवर नाय जानार.”

“सात नंबर! ए, चल!” सत्यजीतने चुटक्या वाजवल्या आणि गोठ्याकडे पाऊल टाकलं. रंभा मैनेच्या लुगड्यामागे सरकली. दात दाखवले नाहीत, भुंकली नाही. थरथर कापत तिथेच मुतली. अंगणातल्या सगळ्यांनी ते बघितलं. आता कमळाबाई म्हणाली, “सायेब, निघा तुमी.”

सत्यजीत टेम्पोकडे वळला. तेव्हा बुधाजी गुडघ्याला धरून उठला, गोठ्यात गेला आणि बाहेर आला. त्याच्या मुठीत पांढऱ्या नायलॉनच्या दोरीचे तुकडे होते, कोयत्याने कापलेले, एकावर काळं रक्त वाळलेलं. गाठी तशाच होत्या. त्याने ते टेम्पोच्या पुढच्या सीटवर ठेवले.

“हे घेऊन जा, सायेब,” तो म्हणाला. “आमच्याकडं एवढंच तुमचं रायलं होतं.”

टेम्पो रिकामे पिंजरे खडखडवत रस्त्याला लागला. बुधाजी भिंतीवर टांगलेला पाग उतरवून त्याची भोकं मोजायला लागला, आणि मैना फडकं घेऊन रंभाचे ओले पंजे पुसायला बसली.